ठेव ठेवण्याआधी समोरची संस्था कायद्याने बँक आहे का, ते असं बघा

बँकेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या भागातले लोक ठेवीच्या पावत्या घेऊन माझ्याकडे येतात. मी आधी एवढंच विचारतो, पावती बँकेची की पतसंस्थेची? दिसायला दोन्ही सारख्याच. संस्थेच्या नावाखालची बारीक अक्षरं वाचा. तिथे 'महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960' खालचा नोंदणी क्रमांक असला, तर तेवढ्याने ती बँक ठरत नाही. सहकारी बँकेचीही तशी नोंदणी असते, पण तिच्याकडे रिझर्व्ह बँकेचा परवानाही असतो. शाखेत तो दाखवा म्हणा. मागायला संकोच करू नका, पैसा तुमचा आहे.

बँकिंग नियमन कायदा 1949 सांगतो की, कर्ज देण्यासाठी किंवा गुंतवणुकीसाठी जनतेकडून ठेवी घेणं, त्या मागताच किंवा ठरल्या मुदतीला परत करणं आणि चेक, ड्राफ्ट वगैरेंनी काढू देणं म्हणजे बँकिंग. पतसंस्थेने ठेवी घ्यायच्या त्या आपल्या सभासदांकडून. म्हणून ठेवीच्या फॉर्मबरोबर 'नाममात्र सभासद' (पूर्ण हक्क नसलेला, नावापुरता सभासद) व्हायचा अर्ज पुढे सरकवला, की सही करू नका. अशा सभासदांकडून ठेवी घेणं म्हणजे बेकायदा बँकिंगच, असा इशारा रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये दिला आहे. बँक बुडाली तर ठेवीदाराला भरपाई देणाऱ्या ठेव विमा महामंडळाचं संरक्षणही पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं.

विमा असलेल्या बँकांची यादी महामंडळाच्या संकेतस्थळावर आहे. नाव अक्षरन् अक्षर जुळवा. मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाख, आणि तीही एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या शाखा धरून. त्यामुळे शाखा बदलून ठेवी विभागल्या तर काही उपयोग नाही, बँका बदला.

इतकी चौकशी कशासाठी? खात्यात भरलेला पैसा कायद्याने बँकेचा होतो, बँक तुमची ऋणको, म्हणजे तुमचं देणं लागणारी होते. लॉकरमधलं सोनं मात्र तुमचंच राहतं.

ऋणको म्हटल्यावर बँकेवर जबाबदारीही येते. पुरेशी शिल्लक असताना तुम्ही दिलेला बिनचूक चेक बँकेने विनाकारण परत केला, तर 1881 च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम 31 प्रमाणे तुमचं नुकसान तिने भरून द्यायचं. ज्याला चेक दिला त्याच्याकडून रिटर्न मेमो (चेक परत केल्याची बँकेची चिठ्ठी) मागून घ्या, त्यावरचं कारण वाचा आणि शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे ती पोच लागते.