वीजनियोजनात येताय? धरणाचा साठा वाचायला शिका

इलेक्ट्रिकल किंवा सिव्हिल करून वीजनियोजनात येऊ पाहणारी मुलंमुली भेटतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणतं सॉफ्टवेअर शिकू? मी आधी परळीबद्दल सांगते. २०१३च्या फेब्रुवारीत परळीचं ११३० मेगावॉटचं औष्णिक केंद्र बंद करावं लागलं. कारण कोळसा नव्हे, पाणी. गोदावरीवरचा खडका बंधारा कोरडा पडला होता. २०१५च्या दुष्काळात पुन्हा तेच झालं. मराठवाड्याचं दुखणं म्हणून कुणी हे बाजूला ठेवू नये. २०१६च्या मार्चमध्ये थेट गंगेकाठच्या फरक्क्याचं केंद्र कालव्यातली पातळी उतरल्यामुळे थांबलं. स्थापित क्षमतेच्या तक्त्यात मात्र हे मेगावॉट जसेच्या तसे उभे होते.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याने पहिल्यांदा एखाद्या औष्णिक केंद्राचा पाण्याचा हिशेब स्वतःच्या हाताने मांडावा. बॉयलरमधली वाफ टर्बाइन फिरवून कंडेन्सरमध्ये येते, तिथे तिला थंड करायला पाणी लागतं. ते गरम झालेलं पाणी कूलिंग टॉवरमध्ये निवतं आणि निवताना त्यातलं काही वाफ होऊन आकाशात जातं. क्षार मागेच राहतात. ते साचत गेले की थोडं पाणी काढून टाकून ताजं भरावं लागतं. याला ब्लोडाऊन म्हणतात. क्षार मूळ पाण्याच्या तिप्पट होईपर्यंत तेच पाणी फिरवलं, तर दोन लिटर उडून जाण्यामागे एक लिटर फेकावं लागतं. पाचपट होईपर्यंत फिरवलं तर अर्धाच लिटर. केमिस्टच्या खोलीतला हा एक आकडा धरणातून किती पाणी उचलायचं ते ठरवतो. केंद्राला भेट द्यायची संधी मिळाली तर कंट्रोल रूममध्ये फोटो काढण्यापेक्षा त्या केमिस्टजवळ तासभर बसा.

डिसेंबर २०१५च्या केंद्रीय अधिसूचनेने कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घातली. २५० मेगावॉटचा एक संच दिवसभर पूर्ण भाराने चालला की ६० लाख युनिट वीज होते. म्हणजे दिवसाला २ कोटी १० लाख लिटर पाणी. माणशी १३५ लिटर धरले तर दीड लाख वस्तीच्या शहराचं पाणी एका संचाला लागतं. टंचाईत पिण्याच्या पाण्याला पहिला मान असतो आणि तो असायलाच हवा. तेव्हा जिल्ह्याच्या बैठकीत कुणाचं आवर्तन, म्हणजे धरणातून सोडायचं पाणी, आधी थांबणार, हे नियोजन करणाऱ्याने आधीच ओळखून ठेवायचं असतं.

आता मला सर्वांत कळकळीने सांगायची गोष्ट. पाण्याची टंचाई एकटी येत नाही. सिव्हिलवाल्यांना ९० टक्के विश्वासार्हतेचं वर्ष माहीत असतं: शंभरातल्या नव्वद वर्षी निदान इतकं पाणी येईल, असं वर्ष. जलविद्युत प्रकल्पाची खात्रीची वीज त्यावर काढतात आणि प्रत्येक प्रकल्पापुरतं ते बरोबरच असतं. पण पाऊस हुकतो तेव्हा तो अनेक खोऱ्यांत एकदम हुकतो. ऑगस्ट २०२३ हा १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस नाही म्हणून शेतीपंप सुरू, उकाडा म्हणून पंखे आणि एसी सुरू; सप्टेंबर लागताना देशाची कमाल मागणी २४० गिगावॉटच्या पुढे गेली. एरवी याच दिवसांत धरणं भरत येतात आणि जलविद्युत भरात असते. त्या वर्षी मागणी चढली तेव्हाच जलविद्युतचा हात आखडला. मागणीचा अंदाज एका विभागाने, पाण्याचा दुसऱ्याने आणि संच बंद पडण्याचा तिसऱ्याने वेगवेगळा काढला, तर तिन्ही बरोबर येऊनही बेरीज चुकते. कोरडं वर्ष हे एक अखंड वर्ष म्हणून मॉडेलमध्ये घालावं लागतं: त्याच वर्षाची मागणी, त्याच वर्षाचे साठे, त्याच वर्षाचं ऊन आणि वारा.

कोयनेचंच बघा. क्षमता १९६० मेगावॉट, पण पश्चिमेकडे वळवून विजेसाठी वापरायच्या पाण्याला कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे. वर्ष १ जूनला सुरू होतं. पूर्ण क्षमतेने बाराही महिने चालवण्याइतकं ते पाणी नाहीच. म्हणून ते संध्याकाळच्या चढत्या मागणीसाठी राखून वापरायचं. हिवाळ्यात हात सैल सोडला की मे महिन्यात त्याची किंमत मोजावी लागते.

उपाय आहेत, प्रत्येकाचा खर्च आहे. २०१६च्या वीजदर धोरणाने सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना ते पाणी वापरणं बंधनकारक केलं. नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडी-खापरखेड्याकडे जातं. मला हा आपल्याकडचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो, कारण शहराचं सांडपाणी दुष्काळातही फारसं आटत नाही. झारखंडात एनटीपीसीने उत्तर करणपुऱ्याला हवेने थंड होणारे कंडेन्सर बसवले. पाणी खूप वाचतं, पण कार्यक्षमता घटते, आणि ती नेमकी कडक उन्हात जास्त घटते. सौर आणि पवनऊर्जेला थंड करायला पाणी लागत नाही. पॅनल धुण्यापुरतं लागतं. मात्र सूर्य मावळल्यावरचे चार तास कुणी सांभाळायचे, हा प्रश्न उरतोच. साठवणुकीचा, म्हणजे बॅटरी आणि उदंचन जलविद्युतचा (पाणी वर चढवून ठेवायचं आणि हवं तेव्हा खाली सोडून वीज काढायची) अभ्यास केलेली मुलं म्हणूनच आम्हाला हवी आहेत.

वाटा थोडक्यात. राष्ट्रीय वीज आराखडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण तयार करतं. तिथे यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून जाता येतं. राज्यात महानिर्मिती, महावितरण, महापारेषण आणि ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र, म्हणजे मागणी आणि पुरवठ्याचा मेळ क्षणोक्षणी घालणारं केंद्र, आहे. सल्लागार कंपन्या आहेत, पुण्यात 'प्रयास'सारख्या अभ्याससंस्था आहेत. पायथन यायला हवं, सॉफ्टवेअर पुढे कामावर शिकता येतं.

सुरुवात आजच करता येईल. केंद्रीय जल आयोग दर आठवड्याला धरणसाठ्याचं पत्रक काढतो. प्राधिकरणाच्या रोजच्या अहवालात कोणता संच कशामुळे बंद आहे ते कारणासह असतं. २०२३चा ऑगस्ट आणि सप्टेंबर घ्या, हे दोन्ही आकडे मागणीच्या आकड्यांशेजारी मांडा, आणि संध्याकाळी सात ते अकरा मागणी भागवून किती वीज शिल्लक राहत होती ते काढा. मग तेच २०२२च्या भरल्या पावसाच्या वर्षासाठी करा. दोन्ही तक्ते मुलाखतीला घेऊन जा आणि फरक कुठून आला ते तोंडी समजावता येईल इतकी तयारी ठेवा.