कुत्र्या-मांजरांना होणारी ॲलर्जी : या चुका टाळा

कुत्रा सतत खाजवू लागला की बहुतेक घरांत आधी शाम्पू बदलला जातो, मग खाणे बदलले जाते आणि तरीही फरक पडला नाही की डॉक्टरांकडून खाजेचे इंजेक्शन घेतले जाते. हा क्रमच चुकीचा आहे. खाज हे केवळ लक्षण आहे. तिच्यामागे पिसवांची लाळ, अन्नातील एखादे प्रथिन किंवा धूळ आणि परागकण असू शकतात, आणि खरूज किंवा नायटा यांसारखे ॲलर्जीशी संबंध नसलेले, माणसालाही लागणारे आजार हुबेहूब तसेच दिसतात. म्हणून त्वचेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय उपचाराला सुरुवात करू नये.

‘आमच्या फ्लॅटमध्ये पिसवा नाहीत’ हे गृहीत धरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. पिसवांची ॲलर्जी असलेल्या प्राण्याला मोजके चावेही पुरतात, आणि मांजर तर अंग चाटताना पिसवा गिळून टाकते, त्यामुळे त्या दिसतही नाहीत. शेपटीच्या मुळाशी बारीक दातांची फणी फिरवावी आणि निघालेला काळा कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावा; त्याभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे. पिसवांची अंडी, अळ्या आणि कोष गादी, सतरंजी व सोफ्याच्या फटींत असतात, त्यामुळे एकदाच आणि एकाच प्राण्याला औषध देऊन काही साधत नाही. घरातील सर्व प्राण्यांना सलग काही महिने औषध द्यावे लागते. पुण्याची थंडीही पिसवांचे चक्र थांबवण्याइतकी कडक नसते.

मात्र कुत्र्याचे औषध मांजराला कधीही लावू नये. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत असलेले परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजरासाठी विषारी असते. त्याने झटके येऊन मांजर दगावू शकते.

अन्नाची ॲलर्जी शोधताना तर बहुतेकांची चिकाटी मध्येच संपते. ब्रँड बदलून उपयोग नसतो, कारण दुसऱ्या पाकिटातही बहुधा तेच चिकन असते. ‘धान्यविरहित’ असे छापलेले असले तरी फारसा फरक पडत नाही, कारण धान्यापेक्षा मांस, अंडी आणि दूध यांतील प्रथिनेच अधिक वेळा कारणीभूत ठरतात. रक्ततपासणीही याबाबत भरवशाची नाही. प्राण्याने पूर्वी कधी न खाल्लेले एखादे प्रथिन किंवा डॉक्टरांनी सुचवलेला खास आहार किमान आठ आठवडे द्यावा आणि त्या काळात दुसरे काहीही देऊ नये, हाच विश्वासार्ह मार्ग आहे. आजोबांनी चहाबरोबर भरवलेले अर्धे बिस्कीट, दूध-पोळीचा घास किंवा मांसाच्या चवीची जंताची गोळी एवढ्यानेही सारी मेहनत वाया जाऊ शकते. खाज थांबल्यावर जुने अन्न पुन्हा देऊन ती परतते का, हे पाहिल्याशिवाय निदान पक्के होत नाही. हा टप्पा टाळण्याचा मोह होतो, तो आवरावा. मांजराला मात्र या निमित्ताने डाळ-भातावर ठेवू नये, आणि त्याने नवे अन्न दोन दिवस नाकारले तर डॉक्टरांना कळवावे, कारण उपाशी मांजराच्या यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

हवेतील धूळ व परागकणांची ॲलर्जी बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होते. पंजे चाटणे, बोटांमधले केस तांबूस होणे आणि वरचेवर कान वाहणे ही तिची लक्षणे आहेत. टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांनी गाजर गवताकडेही लक्ष द्यावे. या तणाची भारतातील नोंद 1955 मध्ये पुण्यातच झाली, आणि आज पावसाळ्यात मोकळ्या जागा त्याने भरून जातात. त्याच्या स्पर्शाने पोटाच्या विरळ केसांच्या भागावर लाल चट्टे येऊ शकतात. फिरून आल्यावर पंजे व पोट धुऊन कोरडे करावे.

कानात घरगुती तेल घालू नये, कारण पडदा फाटलेला असल्यास इजा वाढते. माणसांची मलमे प्राणी चाटून टाकतात. स्टेरॉइडने खाज लवकर थांबते, पण मूळ कारण झाकले जाते, आणि दीर्घकाळ दिलेले स्टेरॉइड एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते.

अचानक चेहरा सुजणे, अंगावर गांधी उठणे, उलट्या होणे किंवा श्वास लागणे असे दिसल्यास घरी कोणतीही गोळी न देता तत्काळ दवाखाना गाठावा.