पोर्ट की हार्बर? कागदावर कुठला शब्द लिहायचा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावातून कास्टिंगचा (ओतीव धातूच्या भागांचा) कंटेनर परदेशी जातो, तेव्हा मराठीतलं 'बंदर' पोर्ट आणि हार्बर दोन्हींना चालतं. इंग्रजी कागदांना चालत नाही.

हार्बर म्हणजे लाटा-वाऱ्यापासून आडोसा असलेलं पाणी. तो निसर्गानं दिलेला असेल किंवा बांध घालून केलेला. पोर्ट म्हणजे व्यवहाराची जागा: धक्का, क्रेन, गोदाम, कस्टम्स. मुंबईचं उदाहरण घ्या. हार्बर एकच, पण त्यावर पोर्ट दोन: मुंबई पोर्ट आणि पलीकडे न्हावा शेवा, म्हणजे 1989 साली सुरू झालेलं जवाहरलाल नेहरू पोर्ट (पूर्वी जेएनपीटी, आता जेएनपीए). म्हणून 'मुंबई हार्बर' लिहिलं तर माल नेमका कुठून चढला हे कळतच नाही.

आधी खरेदीदाराची एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे अटी पाळल्या तर पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) उघडून बघा. 'पोर्ट ऑफ लोडिंग'च्या रकान्यातलं नाव तिथून जसंच्या तसं उचला आणि शिपिंग बिल (कस्टम्सला दिलेला निर्यातीचा अर्ज), इनव्हॉइस, बिल ऑफ लेडिंगचा (जहाज कंपनीच्या माल-पावतीचा) मसुदा यांच्याशी ताडून पाहा. एलसीत 'मुंबई' आणि बिल ऑफ लेडिंगवर 'न्हावा शेवा' असेल तर बँक विसंगती काढते, पैसे अडकतात. कंटेनर निघण्याआधीच एलसीत दुरुस्ती मागा. नंतर खरेदीदाराच्या मर्जीवर राहावं लागतं. एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतची जबाबदारी विक्रेत्याची) या अटीपुढेही पोर्टचंच नाव येतं. (कंटेनरला खरं तर एफसीए, म्हणजे माल वाहतूकदाराच्या ताब्यात देईपर्यंतची अट, जास्त योग्य, पण एफओबीची सवय सुटत नाही.)

हार्बर शब्द मासेमारीच्या बंदरांना मात्र हमखास चिकटतो: फिशिंग हार्बर. तिथे बदलू नका.