कोमट श्रद्धा, कोरडी प्रार्थना: आध्यात्मिक तळमळीबाबत या चुका टाळा

गोव्याचा पावसाळा पुस्तकांना सोसत नाही, हे इथे चार वर्षे काढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. मागच्या वर्षी चतुर्थीच्या सुट्टीत मी कपाटे रिकामी करून पुस्तकांना ऊन दाखवत होते, तेव्हा बायबलाच्या कडांवर बुरशीची पांढरी लव आलेली दिसली आणि आतल्या लाल खूणफितीचा रंग उतरून पानावर गुलाबी रेघ उमटलेली आढळली. ते पान बेचाळिसाव्या स्तोत्राचे होते, ज्यात पाण्यासाठी कासावीस झालेल्या हरिणीची उपमा येते. फीत मी तिथे प्रायश्चित्तकाळात घातली होती. मधल्या सहा महिन्यांत माझा एकही रविवार चुकला नव्हता, दोनदा तर वेदीवरून वाचनही केले होते. त्या काळात कोणी विचारले असते, तर ‘सगळे व्यवस्थित चालले आहे’ असेच मी सांगितले असते आणि आपण खोटे बोललो असे मला वाटलेही नसते.

आमच्या घरातली प्रार्थना मराठीत होते आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, बहुधा कोंकणीत. दोन्ही भाषांतील प्रार्थना आता इतक्या पाठ आहेत, की मन दुसरीकडे असले तरी ओठ अडत नाहीत. ही सोय आहे, पण हाच धोकाही आहे. गेल्या काही वर्षांत स्वतःकडे आणि अवतीभवती पाहताना मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली: आपण बहुतेक वेळा चुकीच्या दुखण्यावर औषध घेतो. ज्याला देवाची ओढ आहे पण प्रार्थनेत गोडी लागत नाही, तो स्वतःला सुस्त समजून घाबरतो. आणि जो खरोखर सुस्तावला आहे, तो आपल्याला शांती लाभली असे समजून निर्धास्त राहतो. पुढच्या बहुतेक चुका या गल्लतीतूनच निघतात.

स्वस्थपणाला शांती समजणे

बायबलातील प्रकटीकरणाच्या पुस्तकातील तिसऱ्या अध्यायात लावदिकीया या शहरातील मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेले पत्र आहे. तिला ‘कोमट’ म्हटले आहे, एवढे सर्वांच्या लक्षात असते. पण ती कोमट का झाली, याचे कारण त्याच पत्रात दिलेले आहे आणि ते सहसा वाचायचे राहून जाते. त्या मंडळीवर छळ, पाखंड किंवा व्यभिचार यांपैकी कोणताही आरोप नाही. ‘मी सधन आहे, मला कशाचीही उणीव नाही’ असे ती म्हणते, एवढाच तिच्यावरचा आरोप आहे. शहराचा इतिहास पाहिला, तर हा स्वभाव कुठून आला ते कळते. इसवी सन ६० मध्ये भूकंपाने लावदिकीया उद्ध्वस्त झाले, तेव्हा रोमची मदत न घेता तेथील लोकांनी ते स्वतःच्या पैशाने पुन्हा उभारले. काळ्या लोकरीचा व्यापार, सावकारी आणि वैद्यक यांसाठी नावाजलेल्या त्या गावाला हात पसरणे माहीतच नव्हते. शेजारच्या हिरापलीसला औषधी उष्ण झरे होते, कलस्सै थंड पाण्यासाठी ओळखले जाई. दोन्ही पाणी कामाचे. कोमट पाणी मात्र ना दुखणे शेकायला उपयोगी, ना तहान भागवायला.

आपल्याकडे ही अवस्था ओळखण्याची एक घरगुती खूण मी वापरते. प्रवचनातला एखादा शब्द जिव्हारी लागला, की घरी येताना आपण त्याविषयी बोलतो, की ‘फादर आज फारच लांबले’ एवढेच म्हणून गाडीला किल्ली लावतो? ज्याच्या ठायी खरी शांती आहे, त्याला असा शब्द थोडा बोचतो आणि मग तो त्याच्याशी बोलत बसतो. सुस्तावलेल्याला मात्र त्या शब्दाने फक्त उशीर झालेला असतो.

‘आता पुरे’ असे म्हणण्याचा हक्क गोव्यात कोणाला असेल, तर तो संत जोझे वाझ यांना होता. १६५१ मध्ये बाणावलीला जन्मलेले हे धर्मगुरू प्रवचनकार म्हणून गोव्यात नाव कमावून होते. तरीही डच अमलाखालील सिलोनमध्ये (आजच्या श्रीलंकेत) कॅथलिकांना धर्मगुरू उरलेला नाही, ही बातमी त्यांना स्वस्थ बसू देईना. १६८७ मध्ये वेषांतर करून ते तिथे पोहोचले. कँडीत हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले, तरी ते परतले नाहीत आणि १७११ मध्ये तिथेच वारले. तळमळ म्हटले, की डोळे मिटलेला, अश्रू ढाळणारा भक्त आपल्या नजरेसमोर येतो. वाझ यांची तळमळ मात्र त्यांच्या पायांत उतरली होती.

कोरडेपणाला सुस्ती समजून घाबरणे

ही चूक पहिलीच्या नेमकी उलट आहे, आणि मनाने हळव्या, प्रामाणिक माणसांना हीच जास्त छळते. आमच्या ओळखीतील एका गृहस्थांनी पत्नी गेल्यावर गायनवृंद सोडला. ‘आतून काही येत नाही, मग गळा काढणे म्हणजे ढोंग’ असे ते म्हणत. पुढे मिस्सेत ते मागच्या खांबाशी बसू लागले, मग ख्रिस्तप्रसाद घेईनासे झाले. सुस्त माणूस इतका विचार करत नाही, हे त्यांना सांगायला कोणीच नव्हते. आम्हीही ‘वेळ जाऊ द्या’ एवढेच म्हणत राहिलो, याची मला आजही खंत वाटते.

सोळाव्या शतकातील कार्मेल संघाचे स्पॅनिश संन्यासी, क्रूसाचे संत योहान यांनी या दोन अवस्था वेगळ्या ओळखण्यासाठी तीन लक्षणे दिली आहेत. पहिले लक्षण असे, की देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण इतर कशातही वाटत नाही. ज्याला प्रार्थनेचा कंटाळा येतो पण फुटबॉलचा सामना, मासळीचे जेवण आणि मोबाइल यांचा मुळीच येत नाही, त्याने आपल्या अवस्थेला फार मोठे नाव देऊ नये. दुसरे लक्षण माझ्या मते सर्वांत उपयोगाचे आहे: आपण मागे पडत आहोत, देवाची सेवा आपल्या हातून नीट होत नाही, ही काळजी त्या माणसाला सतत पोखरत असते. कोमट माणसाला ही काळजी नसते, म्हणून तर तो कोमट. तिसरे लक्षण असे, की पूर्वीसारखे एखाद्या प्रसंगावर मनन करू म्हटले, तरी मन त्या वाटेने चालत नाही. तिन्ही लक्षणे एकत्र असतील, तर देवाने पाठ फिरवली असा अर्थ काढू नये. दुधावरच्या बाळाला आई आता खाली उतरवून चालायला लावते आहे, अशी उपमा याच संतांनी दिली आहे.

यात एक पोटकलम आहे, जे प्रवचनांतून फारसे ऐकू येत नाही. कशातच गोडी न वाटणे हे खिन्नतेच्या आजाराचेही लक्षण असू शकते, हे संत योहानांनी त्या काळातही नोंदवून ठेवले होते. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, सकाळी अंथरुणातून उठवत नाही, अशी अवस्था काही आठवडे टिकली, तर आधी डॉक्टर गाठावा. नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, त्यानंतरही करता येते.

कोरड्या दिवसांत काय करू नये, हे इग्नेशियस लोयोलांनी नेमके सांगितले आहे. गोव्यात १५४२ मध्ये आलेले फ्रान्सिस झेविअर यांच्याच येशूसंघाचे (जेझुइटांचे) ते संस्थापक. मन उदास आणि कोरडे असताना आधीचा निर्णय बदलू नये, हा त्यांचा नियम. रोज सकाळी पंधरा मिनिटे बसायचे ठरवले असेल, तर त्या दिवसांत ती दहावर आणू नयेत; उलट सोळाव्या मिनिटापर्यंत बसून राहावे, कारण लवकर उठण्याची ओढ तेव्हाच सर्वांत जास्त असते. त्यांनी कोरडेपणाची तीन कारणे मांडली आहेत: आपला आळस, आपली परीक्षा, आणि प्रार्थनेतील गोडी ही आपली कमाई नसून देणगी आहे हे आपल्याला कळावे म्हणून. पहिले कारण तपासून पाहावे, पण पहिल्यावरच अडकून बसू नये.

गोडी आली की प्रार्थना करू, असे म्हणणे

आमच्या शेजारच्या जुन्या घराला चिऱ्याची विहीर आहे. नळ आल्यावर तिच्यावर लोखंडी जाळी बसली, आतल्या चिऱ्यांत नेचे वाढले, कप्पी गंजून गेली आणि पाण्यावर हिरवट साय धरली. एका मे महिन्यात तीन दिवस नळाला पाणी आले नाही, तेव्हा जाळी काढून लोकांनी शेंदायला सुरुवात केली. पहिल्या दिवशीच्या बादल्यांतले पाणी झाडांनाही घालवेना. दुसऱ्या दिवशी गढूळ पाणी आले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते निवळले, आणि शेजारच्या आजींनी सांगितलेली गोष्ट सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली: उपसा सुरू झाला, की बुजलेले झरे पुन्हा वाट काढतात. विहिरीला पाणी आहे की नाही, हे जाळीवरून वाकून कळले नसते. जूनमध्ये सांजांवला, म्हणजे संत योहान बाप्तिस्त यांच्या सणाला, मुले फुलांची कोपेले (डोक्यावरचे मुकुट) घालून ज्या भरल्या विहिरींत उड्या मारतात, त्या पावसाने भरतात हे खरे. पण मे महिन्यातल्या विहिरीचे शास्त्र वेगळे आहे.

आव्हिलाच्या संत तेरेसांनी प्रार्थनेला बागेची उपमा देऊन पाणी घालण्याचे चार प्रकार सांगितले आहेत: बादलीने शेंदून, रहाटाने, पाटाने आणि पावसाने. पाऊस सर्वस्वी देवाच्या हातचा. नवशिक्याच्या वाट्याला बादली येते, आणि कधी कधी तर विहीरच कोरडी असते. तरीही आपण आपल्या हातचे काम केले, तर देव पाण्यावाचूनही फुले जगवतो, असे त्या म्हणतात. आपण बहुतेक जण पावसाची आठवण काढत बादली खुंटीला टांगून ठेवतो. एखाद्या जुन्या रिट्रीटमध्ये (प्रार्थना-शिबिरात) भरून आले होते, ते पुन्हा येईल तेव्हा नियमाने बसू, असे ठरवतो आणि वर्षे जातात.

रोज शेंदायचे म्हणजे फार काही नाही. एक स्तोत्र सावकाश वाचावे, एका ओळीवर थांबावे, आणि मनात इच्छा नसेल तर ‘मला तुझी इच्छा नाही, पण ती असावी असे वाटते’ एवढे खरे वाक्य देवापुढे ठेवावे. संत ऑगस्टीन एका स्तोत्रावर बोलताना म्हणाले, की इच्छा हीच प्रार्थना आहे आणि प्रेम थंडावणे हे हृदयाचे मौन आहे. इच्छेची इच्छा हीसुद्धा, त्या हिशेबाने, अगदीच मुकी नव्हे.

धावपळीला तळमळ समजणे

सायबीण, म्हणजे घरोघरी फिरणारी मरियामातेची मूर्ती, घरी यायची असली, की आठवडाभर भिंतींना रंग, पडद्यांना धुलाई, माळांची रोषणाई, आणि लादाइन्हनंतर (गाऊन म्हटलेल्या सामूहिक प्रार्थनेनंतर) वाटायच्या चण्यांचा हिशेब चालतो. यात गैर काही नाही; आदरातिथ्य हीही भक्तीच. पण मूर्ती पुढच्या घरी गेल्यावर तिच्यासमोर आपण स्वतः किती वेळ बसलो, हे आठवले की माझा आकडा दरवर्षी मिनिटांतच येतो. फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) समितीत असलेल्यांनी हा हिशेब आवर्जून करावा.

पंडिता रमाबाईंचा दाखला इथे द्यायलाच हवा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, विधवांसाठी रात्रंदिवस खपल्या. आणि तरीही, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला उमगले, की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता पण ख्रिस्त आपल्याला भेटला नव्हता, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले. एवढे काम उभे केलेल्या बाईने हे कबूल करणे सोपे नव्हते. त्यांनी काम टाकले नाही, हेही लक्षात ठेवावे.

तळमळ बाहेरून आणणे

एका रिट्रीटवरून दुसरीकडे, एका प्रवचनकाराच्या व्हिडिओवरून दुसऱ्याच्या, आणि दहा वर्षांनी येणाऱ्या झेविअरांच्या शवप्रदर्शनाच्या रांगेतून पुन्हा घरच्या सोफ्यावर, असा प्रवास पुष्कळांचा होतो. जाऊ नये असे नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मीही त्या रांगेत उभी होते. पण परतल्यावर आठवड्याभरात रोजच्या दिवसात काहीच हलले नाही, तर आपण तिथे जेवलो नाही, फक्त वास घेतला.

इतरांचा कोमटपणा मोजत बसणे

प्रवचन सुरू झाले, की काही पुरुष इगर्जीच्या (चर्चच्या) पडवीत उभे राहतात, आणि आत बसलेल्या आम्हा बायकांना त्याचा भारी राग येतो. लावदिकीयाच्या त्याच पत्रात दाराबाहेर उभे राहून ठोठावणारा कोण आहे, हे वाचल्यापासून पडवीकडे पाहताना मी जरा जपून असते. ते प्रसिद्ध वचन अविश्वासी लोकांना उद्देशून आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते एका मंडळीला लिहिले आहे, आणि प्रभू तिच्याच दाराबाहेर उभा आहे.

ज्यांना नेमके कुठे अडले आहे हे कळत नसेल, त्यांनी एकदा कोणाशी तरी बोलावे. त्यासाठी पापनिवेदन हा चांगला मार्ग आहे, मात्र नाताळ किंवा ईस्टरच्या आदल्या आठवड्यात जाऊ नये, तेव्हा मागे रांग असते आणि सांगायचे ते दोन मिनिटांत उरकावे लागते. साध्या आठवड्यात, संध्याकाळच्या मिस्सेनंतर धर्मगुरूंना अर्धा तास मागावा, आणि पापांची यादी वाचून झाल्यावर एवढे विचारावे, की माझ्या बाबतीत हा कोरडेपणा आहे की सुस्ती.