कांजिण्या झालेल्या मुलाला शाळेत परत कधी पाठवायचं?

ताप उतरला म्हणजे मूल बरं झालं, असं आपण धरून चालतो. कांजिण्यांच्या बाबतीत ते खरं नाही. अंगावर पुरळ दिसण्याच्या 1-2 दिवस आधीपासूनच लागण पसरू लागते आणि शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत ती चालू राहते. म्हणजे पुरळ उठल्यापासून साधारण 5 ते 7 दिवस. तेव्हा दिवस मोजू नका, खपल्या बघा. एकही ओला फोड दिसला तर मूल घरीच. तापासाठी अ‍ॅस्पिरिन मुळीच देऊ नका. यकृताला आणि मेंदूला इजा करणारा दुर्मीळ पण गंभीर आजार त्यातून होऊ शकतो. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि पोटाला आपली उकड्या तांदळाची पेज आहेच.

वर्गशिक्षिकेला त्याच दिवशी फोन करा. लपवण्यासारखं काही नाही. वर्गात किंवा शेजारी कुणी गरोदर बाई असेल, तर तिला हे वेळेत कळणं फार गरजेचं. बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, शेजारी बसणाऱ्या मुलांच्या घरीही कळवा. त्यांना लागण झाली असेल, तर पुरळ 10 ते 21 दिवसांनी उठेल. तोवर सगळे निर्धास्त असतात. पावसात बालरथाच्या खिडक्या गच्च बंद असतात, तिथे थोडी तरी फट ठेवायला सांगा.

हे झालं कांजिण्यांचं. दुसऱ्या आजारांत काळजी वेगळी: डोळे आले असतील तर टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा. उलट्या-जुलाबांत सॅनिटायझरवर विसंबू नका, साबणानेच हात धुवा.