शेजारच्या आजोबांचं गाव कसं टिपावं

ऑक्सफर्डशायरमधल्या आमच्या खेड्यात शेजारचे आजोबा नव्वदीत आहेत. "तुमचं लहानपण कसं होतं?" असं विचारलं की "छान होतं" म्हणतात आणि चहा पितात. विषय संपला. त्यापेक्षा ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था) जुना सहा इंची, म्हणजे मैलाला सहा इंच असा, नकाशा टेबलावर पसरा. (स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही फुकट बघता येतात!) मग विचारा, पाणी कुठून आणायचात? बोट आपसूक पंपावर जातं, तिथून लोहाराकडे, मग ज्या बागेतली सफरचंदं चोरली तिथे.

आता पडताळा. काउंटीच्या अभिलेखागारात शाळेची लॉगबुकं मागा. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांत १८६० च्या दशकापासून मुख्याध्यापक ती लिहीत. बटाटे काढायला गेलेली गैरहजर मुलं त्यांत हमखास भेटतात. जनगणनेवर विसंबू नका: १९३१ ची १९४२ च्या आगीत जळाली, १९४१ ची झालीच नाही. तिथे १९३९ चं रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू होताच झालेली लोकांची घरोघरची नोंदणी, कामी येतं. हयात माणसांच्या नोंदी मात्र बहुधा झाकलेल्या असतात.

रेकॉर्डिंग विचारूनच करा. आणि वही खिशात ठेवा, कारण खरी गोष्ट फोन बंद केल्यावर, दारात उभं असताना निघते.