शाशीच्या खोऱ्यात अभ्यासाला जाताना

लोकदैवतं, गावरहाटी, जुन्या वस्त्या असा विषय घेऊन चीनमध्ये अभ्यासाला जाण्याचं ज्यांच्या मनात आहे, त्यांना मी शाशीचं नाव सुचवते. युन्नान प्रांतात दालीच्या उत्तरेला ज्यानछ्वान तालुका आहे, त्यात साधारण २,१०० मीटर उंचीवर हे खोरं पसरलेलं आहे. मधून हेइह्वेइ नदी वाहते, दोन्ही काठांना भातशेती आणि डोंगराच्या पायथ्याशी गावं. वस्ती मुख्यतः बाय या जमातीच्या लोकांची, वरच्या डोंगरात यी जमातीचे लोक. पहिल्यांदाच क्षेत्रकार्य करणाऱ्याला एवढ्या लहान जागेत इतकं काही शिकवणारी ठिकाणं फार नसतात.

आधी कागदपत्रांचं उरकून घेऊ. १८० दिवसांपेक्षा जास्त शिकायचं असेल तर एक्स-१ व्हिसा लागतो आणि चीनमध्ये उतरल्यावर ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. कुणाच्या घरी राहणार असाल तर पोहोचल्यापासून २४ तासांत पोलिसांकडे नोंद झालीच पाहिजे. खेड्यात ही गोष्ट यजमानांना आठवणीनं सांगा, कारण चौकशी त्यांच्याकडेही होते. कुनमिंगहून दालीपर्यंत वेगवान रेल्वे आहे, पुढे ज्यानछ्वानमार्गे लहान गाड्या मिळतात. कुनमिंगच्या किंवा दालीच्या एखाद्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांचं पत्र जवळ असलं की गावात पुष्कळ दारं उघडतात. ते पत्र मिळवायला वेळ लागतो, म्हणून त्याची तयारी घरूनच सुरू करा.

भाषेचा विचार मात्र सावकाश करायला हवा. निघण्यापूर्वी मँडरिनची, म्हणजे एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची, निदान चौथी पातळी गाठा. तेवढ्यावर बाजार, बस, कचेरी सगळं निभावतं. पण देवळातल्या म्हाताऱ्या बायका आपसात बोलतात ती बाय भाषा, आणि ती मँडरिनहून पूर्ण वेगळी आहे. लिखित बाय भाषेसाठी ज्यानछ्वानचीच बोली प्रमाण धरली गेली, म्हणून इथे शिकलेलं वाया जात नाही. पूर्वी ही भाषा चिनी अक्षरं उसनी घेऊन लिहीत. यांग फू यांची १४५० मधली शिलालेखात कोरलेली कविता त्याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. सुरुवातीला नातेवाचक शब्द, धान्यं, भांडी आणि तिथी एवढंच पाठ करा. वयस्कर बाईला नावानं हाक मारू नका, 'आनाय' म्हणा, म्हणजे आजी. युन्नानमध्ये सगळीकडे चालतं.

शाशीत उतरलं की पाय आपोआप सिदंगच्या चौकाकडे वळतात. ज्या वाटांनी चहा आणि मीठ तिबेटकडे जात आणि तिकडून घोडे येत, त्या वाटांवरची ही जुनी बाजारपेठ. आसपासच्या डोंगरांत मिठाच्या विहिरी होत्या आणि त्यांच्यामुळेच हे खोरं श्रीमंत झालं. चौकाच्या एका अंगाला १४१५ मध्ये उभारलेलं शिंगज्याव मंदिर, समोर उंच छपराचा नाट्यमंच, भोवती तांड्यांच्या जुन्या सराया. देवाच्या समोर बाजार आणि बाजाराच्या पलीकडे नाटक, अशी ही मांडणी. जागतिक स्मारक निधीनं २००२ च्या धोक्यातल्या स्थळांच्या यादीत या बाजारपेठेचं नाव घातलं, मग झुरिकच्या तंत्रविद्यापीठानं आणि ज्यानछ्वानच्या प्रशासनानं मिळून तिची डागडुजी केली. भिंती नव्या कोऱ्या न करता जशा आहेत तशा सावरल्या, हे मला मनापासून आवडतं. चौक डोळे भरून बघा, शुक्रवारचा बाजार तर चुकवूच नका, पण तुमच्या अभ्यासाचा मुक्काम तिथे ठेवू नका. तिथली बरीच घरं आता पाहुण्यांच्या खोल्या आणि कॉफीची दुकानं झाली आहेत. दुआनज्यादंग, शिलुंग अशा गावांत जा, आणि गावात शिरल्यावर घरं बघण्याआधी बेनजूचं देऊळ विचारा.

बेनजू म्हणजे त्या गावाचा राखणदार देव. जवळजवळ प्रत्येक बाय गावाला स्वतःचा बेनजू असतो, कधी दोन-तीन गावांत मिळून एक. तो कोण असेल याला नियम नाही. इथल्या जुन्या नानजाव राज्याचा एखादा राजा, अजगराला मारून स्वतःही मेलेला दुआन छिचंग, नदीतला नागराज, एखादा दगडसुद्धा. दालीजवळ तर चीनच्या थांग राजवटीच्या ली मी या सेनापतीचं देऊळ आहे. ७५४ मध्ये तो नानजाववर चाल करून आला आणि सगळं सैन्य गमावून मेला. ज्यांच्यावर चालून आला, त्यांच्याच वंशजांनी त्याला देव केलं. परमुलखात मेलेल्या शत्रूचीही कुणीतरी काळजी घ्यायला हवी, ही भावना मला फार मोठी वाटते, आणि बाय लोकांचा धर्म समजून घ्यायला या एका देवळाइतकी चांगली सुरुवात नाही.

गावाची हद्द नकाशावर शोधू नका, ती बेनजूच्या पूजेत कळते. कुठल्या घरचं मूल जन्मल्यावर इथे आणतात, नवी गाडी घेतल्यावर कोण इथे कोंबडं घेऊन येतं, बाहेरगावी शिकायला निघालेला पोरगा कुठल्या देवासमोर डोकं टेकवतो, हे टिपत गेलात की वस्ती कुठे संपते ते स्पष्ट होतं. देवळाच्या भिंतीवर लाल कागद चिकटवलेले दिसतील. त्यांवर कोणत्या घरानं किती पैसे, किती तांदूळ, किती तेल दिलं ते शाईनं लिहिलेलं असतं. जुन्या देणग्या दगडावर कोरलेल्या असतात. हे कागद ऊन-पावसात फिके होतात, पुढच्या सणाला त्यांच्यावरच नवे लागतात. परवानगी घेऊन प्रत्येक सणानंतर त्यांची नक्कल उतरवून घ्या. कुळं, सोयरिकी, कुनमिंगला गेलेले मुलगे, गावातली जुनी भांडणंसुद्धा त्या यादीतून उलगडतात. प्रश्नावली घेऊन दारोदार फिरण्यापेक्षा माझ्या अभ्यासाला या कागदांनी जास्त आधार दिला.

आणि देवळातल्या स्वयंपाकघरात बसा. देवळाला चूल असतेच. कोंबडं किंवा डुकराचं मांस आधी देवापुढे ठेवतात, मग तिथेच शिजवून पुन्हा नैवेद्य दाखवतात आणि सगळे मिळून जेवतात. हे सगळं ज्यांच्या हातात असतं त्या ल्येनछी ह्वेइच्या बायका, म्हणजे कमळतळ्याच्या मंडळाच्या. साधारणपणे मुलांची लग्नं झाल्यावर, नातवंडं आल्यावर बाई या मंडळात येते. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी त्या एकत्र बसून लाकडी मत्स्यवाद्याच्या ठेक्यावर सूत्रं म्हणतात. अनेकींना वाचता येत नाही, सगळं तोंडपाठ. मी त्यांच्याबरोबर लसूण सोलायला, शेंगा निवडायला बसत असे. मुलाखतीच्या वेळी गप्प असणाऱ्या आनाय भाजी निवडताना स्वतःहून सांगू लागत की हा देव पलीकडच्या गावच्या देवीवर कसा भाळला, त्याची खरी बायको कोणती, आणि म्हणून अमुक सणाला त्याला पालखीतून कुठे न्यावं लागतं. मुलग्यांना या चुलीपाशी तेवढा सहज प्रवेश मिळत नाही. त्यांनी वाद्यवृंदाच्या मंडळातल्या आजोबांकडे जावं. दुंगजिंग हे पूजाविधींचं संगीत वाजवणारी ही मंडळं बहुतांशी पुरुषांची असतात आणि जुन्या वह्या त्यांच्याकडे सापडतात.

रिकाम्या हातानं जाऊ नका. उदबत्ती, तेल किंवा तांदूळ न्या आणि यादीत नाव घालायचा आग्रह झाला तर घालू द्या. पूजा चालू असताना फोटो काढण्याआधी दर वेळी विचारा, एकदा मिळालेली परवानगी पुढच्या सणाला गृहीत धरू नका.

सणांच्या तारखांसाठी मराठी माणसाजवळ एक आयती सोय आहे. त्यांचा चांद्रमास आपल्यासारखाच अमावस्येनंतर सुरू होतो आणि त्यांचा पहिला महिना साधारण आपल्या माघाशी जुळतो. दुसऱ्या महिन्याच्या आठवीला, म्हणजे फाल्गुन शुद्ध अष्टमीच्या सुमारास, शाशीत राजपुत्राचा उत्सव असतो. सिद्धार्थानं राजवाडा सोडला त्याची ही मिरवणूक. लहान मुलांना नटवून घोड्यावर बसवतात. सहाव्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी मशालींचा सण येतो. कथा अशी की जळालेल्या मनोऱ्याच्या राखेतून बायजिये राणीनं नवऱ्याचं शव हातांनी उकरून काढलं, बोटं रक्तबंबाळ झाली, म्हणून बायका तेरड्याच्या फुलांनी नखं लाल करतात. श्रावणाच्या अखेरीला शिबावशानच्या डोंगरावर गाण्यांचा मेळा भरतो. तीनतारी वाद्यावर स्त्री-पुरुष एकमेकांना गाण्यातून सवाल-जवाब करतात. अधिक महिना आला की मात्र हा हिशेब पुन्हा तपासून पाहावा लागतो.

त्याच डोंगरात शिजुंगशानच्या लेण्या आहेत. नवव्या ते बाराव्या शतकातलं हे काम, नानजाव आणि दाली राज्यांच्या काळातलं, आणि १९६१ च्या पहिल्याच राष्ट्रीय संरक्षित यादीत घेतलेलं. नानजावचे राजे दरबारासह कोरलेले आहेत, बुद्ध आहेत, ग्वानयिन ही करुणेची देवी आहे आणि एका गुंफेत बुद्धमूर्तींच्या मधोमध आयांगबाय नावाची योनिशिळा आहे. मूल व्हावं म्हणून, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून बायका तिला तेल लावतात. शतकानुशतकांच्या तेलानं दगड काळा झाला आहे. तिथे थोडा वेळ नुसतं उभं राहावं, लिहू नये असं मला वाटतं.

भारतीय म्हणून इथे आपलं लक्ष एका दिशेला ओढलं जातं, ते सांगायलाच हवं. बाय लोकांच्या जुन्या तांत्रिक बौद्ध परंपरेत महाकाल आहे आणि काही गावांचा तो बेनजूही आहे. त्याची कथा अशी: स्वर्गातल्या सम्राटानं त्याला पृथ्वीवर रोगराई पसरवायला पाठवलं. खाली येऊन त्यानं माणसांचा चांगुलपणा पाहिला, त्याला ते काम करवेना, मग रोगाची सगळी पूड त्यानं स्वतःच गिळली आणि त्याचं अंग काळंठिक्कर पडलं. आपल्याला लगेच नीलकंठ आठवतो. आठवू द्या, वहीच्या वेगळ्या पानावर लिहून ठेवा, पण गावकऱ्यांच्या तोंडी तो घालू नका. त्यांच्या दृष्टीनं हा त्यांच्या गावचा देव, ज्यानं त्यांच्या पूर्वजांसाठी विष पचवलं. तुम्ही भारताहून आलात हे कळल्यावर लोक आनंदानं तुमच्या मनासारखी उत्तरं देऊ लागतात, म्हणून प्रश्न विचारताना जास्तच जपायला हवं.

कचेरीत बोलताना शब्द निवडून वापरा. चीनमध्ये बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट हे पाच धर्म अधिकृत आहेत. बेनजू त्यांत बसत नाही. त्यामुळे गावची पूजा कधी बौद्ध म्हणून, कधी ताओ म्हणून, तर अलीकडे सांस्कृतिक वारसा म्हणून मांडली जाते. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात असंख्य मूर्ती फुटल्या आणि ऐंशीच्या दशकापासून गावकऱ्यांनी त्या वर्गणी काढून पुन्हा घडवल्या. म्हणजे तुम्ही पाहता ती मूर्ती बहुधा तुमच्या आईवडिलांपेक्षाही लहान असते. जुनी किती, असं विचारण्यापेक्षा पुन्हा बसवताना कुणी पुढाकार घेतला हे विचारा. अर्थात ओळख मुरल्यावरच.

नव्या विद्यार्थ्यांसाठी काम पुष्कळ पडलं आहे. पारंपरिक गावांची राष्ट्रीय यादी २०१२ मध्ये ६४६ गावांनिशी सुरू झाली आणि २०२३ पर्यंत ८,१५५ वर गेली. इमारतींची मोजमापं त्यामुळे झाली, पण देवळातल्या मंडळांची नोंद फारशी कुणी ठेवत नाही. शहरात दुकान चालवणारी चाळिशीची सून पुढे ल्येनछी ह्वेइमध्ये येणार का, सूत्रं मोबाइलवर ऐकून पाठ करणाऱ्या बायकांना जुन्या आनाय कसं शिकवतात, पाहुण्यांच्या खोल्यांतून आलेला पैसा लाल कागदावर कुणाच्या नावानं चढतो: यातला एकेक प्रश्न प्रबंधाला पुरेल. फाल्गुनातल्या मिरवणुकीआधी पोहोचा आणि मशालींच्या सणापर्यंत तरी तिथे राहा.